व्याख्यानानंतरचा अर्धा तास

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवानिमित्त गच्चीवर झालेल्या कार्यक्रमातील भाषण. स्मरणिका समितीच्या आग्रहावरून लिहून दिले आहे. बोलताना वेळेअभावी जे राहिले, ते दोन-तीन ठिकाणी भरले आहे.)



मला वीस मिनिटं दिली आहेत. सचिव घड्याळ घेऊन समोरच बसले आहेत. बँकेत तीस-पस्तीस वर्षं काढलेल्या माणसाला वेळ पाळायची सवय असते, तेव्हा काळजी नसावी. पण विषय आकाशाचा आहे आणि आपण बसलो आहोत गच्चीवर, त्यामुळे पाच मिनिटं इकडे-तिकडे झाली तर सांभाळून घ्या.

विषय काय द्यावा, असं विचारल्यावर समितीतल्या एकांनी सुचवलं, "काका, तुम्ही आरोग्यावर बोला नाहीतर गुंतवणुकीवर बोला." आरोग्यावर मी बोलणं म्हणजे माझ्या गोळ्यांची यादी वाचणं. गुंतवणुकीवर आयुष्यभर बोललो. म्हणून म्हटलं, अवकाशविज्ञानाच्या व्याख्यानांवर बोलतो. अवकाशविज्ञानावर नव्हे बरं का, त्याच्या व्याख्यानांवर. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. रॉकेट कसं बनवतात हे मला विचारू नका. पण रॉकेट बनवणारा माणूस गावात आला तर त्याचं काय करावं, याबद्दल मला थोडं सांगायचं आहे.

आधी एक आठवण करून देतो, ती इथल्या बहुतेकांची सामायिक आहे. २ एप्रिल २०२२, गुढीपाडवा. गुढ्या उतरवून झाल्या होत्या, जेवणं व्हायची होती. रात्री पावणेआठच्या सुमारास आकाशात आगीचे गोळे एका ओळीत, मागे शेपट्या सोडत, सरकत जाताना दिसले. जळगाव, अकोला, नागपूर, आपलं यवतमाळ, तिकडे मध्य प्रदेशातही लोकांनी पाहिलं. आपल्या आवारात सगळे खाली धावले. कोणी म्हणालं, "इमान पडलं का बावा?" कोणी क्षेपणास्त्र म्हणालं. एका आजींनी हात जोडले. अर्ध्या तासात मोबाईलवर पाच-सहा वेगवेगळ्या बातम्या आल्या आणि प्रत्येकीच्या शेवटी 'सर्वांना पाठवा' लिहिलेलं होतं.

त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात सुमारे तीन मीटर व्यासाचं धातूचं कडं येऊन पडलं. आसपासच्या भागात धातूचे गोळेही सापडले. सुदैवानं कोणाला इजा झाली नाही. पुढे इस्रोचे शास्त्रज्ञ येऊन पाहून गेले. ते अवशेष चीनच्या 'लाँग मार्च ३बी' रॉकेटच्या तिसऱ्या टप्प्याचे होते, असं अभ्यासकांनी कक्षेच्या हिशेबावरून सांगितलं. ते रॉकेट उडालं होतं २०२१ च्या फेब्रुवारीत. म्हणजे उपग्रह सोडून देऊन तो रिकामा टप्पा चौदा महिने वर फिरत राहिला, हवेच्या विरळ थराला घासत-घासत खाली येत गेला आणि आपल्या पाडव्याला उतरला. गोळे का शिल्लक राहिले, तर त्या रॉकेटमधल्या मोठ्या दाबाचा वायू ठेवायच्या टाक्या. त्या इतक्या मजबूत असतात की बाकी सगळं जळतं आणि त्या उरतात.

चंद्रपूरच्या स्काय वॉच ग्रुपचे सुरेश चोपणे यांच्यासारखी माणसं त्या दिवसांत वर्तमानपत्रांतून हे समजावून सांगत होती, म्हणून निदान दोन-तीन दिवसांनी तरी लोकांना कळलं. पण त्या रात्री, त्या अर्ध्या तासात, आपल्या बत्तीस घरांत एकही माणूस नव्हता जो म्हणेल, "थांबा, ही उल्का नाही आणि विमानही नाही." आणि ते ओळखणं फार कठीण नव्हतं हो! उल्का येते ती सेकंदाला अकरापासून बहात्तर किलोमीटर वेगानं. आपण "ती बघ" म्हणेपर्यंत संपते. त्या दिवशी आपण जिना उतरून अंगणात आलो, मोबाईल काढला, चित्रीकरण केलं, तरी ते जातच होतं. इतका वेळ, इतकं आडवं आणि तुकडे-तुकडे होत जाणारं म्हणजे माणसानंच वर पाठवलेलं काहीतरी परत येतंय. एवढं एक वाक्य कोणी व्याख्यानात ऐकलेलं असतं तरी आजींची रात्रीची झोप वाचली असती.

माझ्या पिढीला यावरून १९७९ आठवेल. अमेरिकेची स्कायलॅब ही अवकाश प्रयोगशाळा पडणार म्हणून देशभर धास्ती होती. शेवटी ११ जुलैला ती हिंदी महासागरात आणि ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम भागात पडली. तेव्हा माहिती मिळायची ती रेडिओवर आणि दुसऱ्या दिवशीच्या पेपरात. पाडव्याच्या रात्री प्रत्येकाच्या खिशात जगाची माहिती होती, आणि घबराट तेवढीच.

आता मी पुण्याला येतो. नव्वदच्या दशकात बढतीवर माझी पुण्याला बदली झाली. कुटुंब इथेच, मुलांच्या शाळा इथेच, आणि मी तिकडे एका खोलीत. संध्याकाळ खायला उठायची. १९९७ च्या मार्च-एप्रिलमध्ये हेल-बॉप धूमकेतू आला होता, आठवतो का? वायव्येला, सूर्य मावळल्यावर, नुसत्या डोळ्यांनी दिसायचा. पुन्हा यायला सुमारे अडीच हजार वर्षं. इतक्या मुदतीचं कर्ज आमच्या बँकेनं कोणाला दिलं नाही. तो पाहण्याच्या निमित्तानं मला ज्योतिर्विद्या परिसंस्थेचा पत्ता लागला. टिळक रोडवर, टिळक स्मारक मंदिरात.

नावात ज्योतिर्विद्या आहे म्हणून कोणी पत्रिका घेऊन जाऊ नये. ही खगोलशास्त्राची हौशी मंडळींची संस्था. २२ ऑगस्ट १९४४ ची स्थापना, आपल्या देशातली अशा प्रकारची सगळ्यात जुनी. जरा विचार करा. १९४४ म्हणजे महायुद्ध चालू, देश पारतंत्र्यात, आणि पहिला स्पुटनिक उडायला अजून तेरा वर्षं. तेव्हा चार माणसं एकत्र येऊन म्हणतात, आपण आकाश बघू आणि लोकांना दाखवू. पुढे हॅलेच्या धूमकेतूच्या वेळी, १९८५-८६ च्या सुमारास, मुंबईला खगोल मंडळ उभं राहिलं. त्यांचे रात्रभराचे कार्यक्रम वांगणीला असतात, लोक लोकलनं जातात आणि सतरंजी टाकून पहाटेपर्यंत तारे बघतात. यातली बहुतेक माणसं पगारी शास्त्रज्ञ नव्हेत. कोणी शिक्षक, कोणी कारकून, कोणी कारखान्यातले. माझ्यासारखे बँकवालेही पुष्कळ.

अशा मंडळांत अधूनमधून पाहुण्यांचं व्याख्यान असतं. पुण्यात त्याची चंगळ, कारण तिथे डॉ. जयंत नारळीकरांनी १९८८ मध्ये उभी केलेली आयुका आहे. शाळेच्या मुलांसाठी महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी व्याख्यान ठेवायची पद्धत त्या संस्थेनं पाडली, आणि तिथे मोठमोठे शास्त्रज्ञ आठवी-नववीच्या पोरांपुढे उभे राहून बोलत. नारळीकर सर मागच्या वर्षी, २० मे २०२५ ला गेले. त्यांच्या संशोधनावर बोलायची माझी पात्रता नाही. पण एवढा मोठा माणूस मराठीत लिहितो, पोस्टकार्डावर प्रश्न पाठवणाऱ्या मुलाला उत्तर देतो, याचं मला जास्त अप्रूप वाटतं.

तिथे ऐकलेलं एक व्याख्यान सांगतो. वक्ते इस्रोतून निवृत्त झालेले अभियंता होते. नाव मुद्दाम घेत नाही. इतक्या वर्षांनी माझ्या आठवणीतले शब्द त्यांच्या तोंडी घालणं बरं नव्हे. सतरा-अठरा खुर्च्या, एक फळा, पाण्याचा तांब्या. शाल नाही, श्रीफळ नाही. संचालकानं दोन वाक्यांत ओळख करून दिली आणि पाहुण्यांनी चाळीस मिनिटांत विषय संपवला. मला वाटलं, झालं. लोक उठतील. पण कोणी उठेना. खरा कार्यक्रम पुढेच होता.

नववीतल्या एका मुलीनं विचारलं, "उपग्रहाला इंजिन चालू नसतं, मग तो खाली का पडत नाही?" मोठ्या माणसांनी हा प्रश्न विचारला नसता, कारण आपल्याला हे माहीत असायला हवं होतं अशी आपली समजूत असते. पाहुणे म्हणाले, तो पडतच असतो. आणि फळ्यावर हिशेब मांडला. कोणतीही वस्तू सोडली की पहिल्या सेकंदात साधारण पाच मीटर खाली येते. पृथ्वी गोल आहे, त्यामुळे आठ किलोमीटर सरळ गेलं की जमीन आपल्या खाली साधारण पाच मीटरच वाकलेली असते. म्हणजे एका सेकंदात आठ किलोमीटर आडवं जाणारी वस्तू जेवढी पडते, तेवढीच जमीनही तिच्यापासून दूर जाते. पडतो, पडतो आणि पोचत नाही. सेकंदाला आठ किलोमीटर म्हणजे किती, तर यवतमाळहून नागपूर वीस सेकंदांत. एसटीनं आपल्याला किती लागतात, ते मी सांगायला नको.

मला तो हिशेब इतका आवडला की खोलीवर जाऊन पुन्हा करून पाहिला. जमाखर्च जुळावा तसा जुळला. आणि लाडबोरीचं कडं का पडलं, हेही त्यातच आहे. वेग थोडा कमी झाला की जमीन जिंकते.

त्या अर्ध्या तासात मी बऱ्याच गोष्टी ऐकल्या, पण मला एकच खंत होती, आणि ती त्या मंडळाबद्दल नाही. तिथे बसलेल्यांमध्ये शेतीवाला कोणी नव्हता. कृष्णविवराबद्दल प्रश्न आले, मंगळाबद्दल आले, परग्रहवासीयांबद्दल तर आलेच. पण पावसाबद्दल एकही नाही. आणि माझं डोकं यवतमाळात. मी पीककर्जाच्या टेबलावर बसलेला माणूस. आपल्याकडे मृग कोरडा गेला की बँकेच्या वसुलीचा तक्ताही कोरडा जातो. आपल्या संस्थेत आज घरं सिमेंटची असली तरी निम्म्याहून अधिक घरांची गावाकडे दोन-चार एकर आहेत. कापूस, तूर, सोयाबीन. अवकाशविज्ञान म्हणजे दूरच्या ताऱ्यांची गोष्ट, असं म्हणून आपल्याला चालणार नाही.

इथे मला डॉ. वसंत गोवारीकरांची आठवण काढायची आहे. मी त्यांना समोर बसून कधी ऐकलं नाही, वाचलं मात्र आहे. मराठी माणूस, रॉकेटच्या घन इंधनात आयुष्य घातलं, १९७९ ते ८५ तिरुअनंतपुरमच्या विक्रम साराभाई अवकाश केंद्राचे संचालक. १९८० मध्ये १८ जुलैला एसएलव्ही-३ नं रोहिणी उपग्रह कक्षेत ठेवला, तेव्हा तेच संचालक होते. आणि मग हा माणूस पावसाकडे वळला! दिल्लीत विज्ञान खात्याचे सचिव असताना त्यांच्या पुढाकारानं मान्सूनच्या अंदाजाचं सोळा घटकांचं सूत्र तयार झालं. कुठलं तापमान, कुठला हवेचा दाब, वरचे वारे, हिमालयातलं बर्फ, अशा सोळा गोष्टी पाहून संपूर्ण देशाचा पाऊस सांगायचा. १९८८ पासून ते सूत्र वापरात आलं आणि सलग बरीच वर्षं अंदाज 'सर्वसाधारण' आणि पाऊसही सर्वसाधारण. निवृत्तीनंतर त्यांनी सहकाऱ्यांसह खतांवरचा जाडजूड कोशही केला. रॉकेट, पाऊस, खत. हा प्रवास मला तरी फार शेतकरी-ओळखीचा वाटतो.

पण मग आलं २००२. त्या वर्षी अंदाज होता सरासरीच्या १०१ टक्के. प्रत्यक्षात पाऊस झाला ८१ टक्के. जुलै महिन्यात तर देशभरात सरासरीच्या सुमारे निम्माच. तेव्हा मी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या शाखेत होतो. पेरलेलं जळलं, दुबार पेरणीला पैसे हवेत, आणि समोरच्या खुर्चीत बसलेला माणूस म्हणतो, "साहेब, रेडिओनं तं चांगला पाऊस सांगतला होता." त्याला काय उत्तर द्यायचं? माझ्या फायलीत त्या प्रश्नासाठी रकाना नव्हता.

त्याचं उत्तर मला पुष्कळ नंतर, वाचून-वाचून समजलं. तो अंदाज होता संपूर्ण देशाचा आणि चार महिन्यांच्या बेरजेचा. त्यात आपला तालुका नव्हता आणि जुलैचा दुसरा आठवडाही नव्हता. शंभर खातेदारांची सरासरी शिल्लक दहा हजार असली, म्हणून रामभाऊंच्या खात्यात दहा हजार असतातच असं नाही. ते सूत्र पुढच्या वर्षीच बदललं गेलं. कोणी म्हणेल, मग शास्त्रज्ञ चुकले. मला तसं म्हणवत नाही. सोपे पेपर येत गेले तोवर सूत्र पास झालं, कठीण पेपर आला तेव्हा त्याची मर्यादा उघडी पडली, आणि त्यांनी ती मान्य करून दुसरं आणलं. आमच्या धंद्यात एवढ्या उघडपणे कोणी ताळेबंद मांडत नाही. पण रेडिओवर बातमी देताना 'हे तुमच्या शिवाराबद्दल नाही' एवढं वाक्य जोडायला काय हरकत होती? नेमका असा प्रश्न पाहुण्याला विचारायचा असतो. आणि त्यासाठी पाहुणा आपल्या गावात यावा लागतो, कारण पुण्याच्या खोलीत हा प्रश्न कोणाच्या पोटात नसतो.

आता दुसरा प्रश्न, हल्ली जास्तच ऐकू येणारा. "वरून उपग्रह सगळं बघतो म्हणतात, मग माझं नुकसान त्याला का दिसत नाही?" पीकविम्यात उत्पादनाच्या अंदाजासाठी आता उपग्रहाच्या माहितीचा वापर होऊ लागला आहे, तेव्हा हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मी माझ्या परीनं त्याचा हिशेब केला, तो सांगतो. चुकला तर इथले इंजिनीअर लोक दुरुस्त करतील.

आपला पहिला मोठा दूरसंवेदन उपग्रह आयआरएस-१ए, १७ मार्च १९८८ ला उडाला. त्याच वर्षी आपल्या नागपूरला महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र सुरू झालं. त्या उपग्रहाच्या एका कॅमेऱ्याला जमिनीवरचा साडेबहात्तर मीटर लांब, साडेबहात्तर मीटर रुंद चौकोन म्हणजे एक ठिपका दिसायचा. दोन एकर म्हणजे साधारण आठ हजार चौरस मीटर. भागाकार करा. आपलं दोन एकराचं वावर त्याच्या चित्रात दीड ठिपका! दीड ठिपक्यात कापूस कोणता, बांधावरची तूर कोणती आणि लाल्या कुठे पडला, हे कोण सांगणार? जिल्ह्यात कापूस किती, हे तो सांगू शकत होता. गणपतरावांचा कापूस किती, हे नाही. पुढे रिसोर्ससॅट-२ आला, २०११ मध्ये. त्याच्या एका कॅमेऱ्याला पावणेसहा मीटरच्या आसपासचं दिसतं. तेच दोन एकर आता सुमारे २४० ठिपक्यांत. हा फरक खरा आहे.

पण दुसरी अडचण उरतेच. हे कॅमेरे आपल्या डोळ्यांसारखे, उजेडात बघणारे. आणि आपलं नुकसान होतं ते ऑगस्टात, ढगाखाली. ढग आले की कॅमेऱ्याला ढगच दिसतात. त्यावर उपाय म्हणजे रडार. रडार स्वतः लहरी पाठवतं आणि परत आलेल्या मोजतं, त्याला ढग आणि रात्र दोन्ही चालतात. इस्रो आणि अमेरिकेच्या नासानं मिळून केलेला निसार उपग्रह ३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोट्याहून उडाला, तो असाच. बारा मीटर व्यासाची जाळीची छत्री उघडून तो वर फिरतो आहे आणि दर बारा दिवसांत पृथ्वीच्या त्याच जमिनीवरून दोनदा नजर टाकेल अशी त्याची आखणी आहे. मातीतल्या ओलाव्याचा अंदाजही त्यातून घेता येतो. आपल्या काळ्या मातीत भेगा पडलेल्या असताना आणि ती चिकट गाऱ्यासारखी झालेली असताना रडाराला काय फरक दिसतो, हे मला एखाद्या जाणकाराकडून ऐकायचं आहे. आणि ती माहिती तलाठ्याच्या टेबलापर्यंत येते की मध्येच कुठे थांबते, हेही. पहिल्याचं उत्तर शास्त्रज्ञ देईल. दुसऱ्याचं देताना तो जरा घुटमळेल, आणि घुटमळू दे. तेवढ्यासाठीच समोर बसायचं.

एक जाता-जाता. विजेचा इशारा देणारं 'दामिनी' हे अॅप पुष्कळांच्या मोबाईलमध्ये आहे, नसेल तर घ्या. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेनं केलेलं. अनेकांना वाटतं ते उपग्रहावरून चालतं. नाही, जमिनीवर ठिकठिकाणी बसवलेली यंत्रं विजेचे संकेत पकडतात आणि आपल्या भोवतीच्या २० ते ४० किलोमीटरमधली वीज सांगतात. रेंज नसेल तर जुना हिशेब आहेच. चमक दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजायचे, तिनानं भागायचं, तेवढे किलोमीटर. गावाकडे काम करणाऱ्या गड्यालाही हे शिकवा. झाडाखाली उभं राहू नका हे आपण सांगतो, पण तो ओल्या वावरात इतर कुठे जाईल, हे आपण सांगत नाही. तेव्हा इशारा वेळेवर मिळून तो आधीच घरात पोचणं, हेच खरं.

आता जरा कडू बोलतो. आपल्याकडे मोठा पाहुणा आला की आपण काय करतो? जिल्ह्यातल्या एका कार्यक्रमाला मी गेलो होतो. कोणता ते विचारू नका. वेळ दीड तासाचा. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, अकरा जणांचं स्वागत, प्रत्येकाला वेगळा गुच्छ आणि वेगळा फोटो, प्रास्ताविक, परिचय, अध्यक्षांचं मनोगत आधीच, कारण त्यांना दुसरीकडे जायचं. मी घड्याळ लावून बसलो होतो. पाहुण्यांच्या हातात माईक आला तेव्हा पन्नास मिनिटं झाली होती. त्यांनी बिचाऱ्यांनी चित्रं भराभर सरकवली. प्रश्नोत्तरांच्या वेळी सूत्रसंचालक म्हणाले, "वेळेअभावी केवळ एक प्रश्न." तो एक प्रश्न एका पुढाऱ्यानं विचारला आणि तो प्रश्न नव्हताच, भाषण होतं. मागच्या रांगेतली पोरं हात वर करून-करून थकली. तो शास्त्रज्ञ शेकडो किलोमीटरवरून एक शाल घ्यायला आला होता का?

म्हणून माझा प्रस्ताव आहे, तो कार्यकारिणीपुढे लेखी दिला आहे, इथे तोंडी सांगतो. आपली गच्ची बाराशे चौरस फुटांची आहे. उन्हाळ्यात पापड-कुरडयांसाठी ती ज्यांना लागते, त्यांच्या हक्काला धक्का नाही; ते दिवसाचं काम, आपलं रात्रीचं. तीन महिन्यांतून एकदा, अमावास्येच्या जवळच्या शनिवारी, एक पाहुणा. नागपूर दीडशे किलोमीटरवर आहे. तिथे रमण विज्ञान केंद्राचं तारांगण आहे, सुदूर संवेदन केंद्र आहे, निवृत्त माणसं आहेत. आपल्या जिल्ह्यात दुर्बीण घेऊन फिरणारे हौशी शिक्षक आहेत, त्यांना कोणी बोलावत नाही, म्हणून ते आपल्याच घराच्या अंगणात बसतात. जाण्या-येण्याचा खर्च आणि रात्रीचं जेवण आपण करायचं. जेवणाचा क्रम घराघरांतून लावता येईल. सत्कार एकच, तोही कार्यक्रम संपल्यावर. बोलणं चाळीस मिनिटं आणि नंतरचा अर्धा तास राखीव, त्यात पहिले पाच प्रश्न पंधरा वर्षांखालच्यांचे. मोठ्यांनी तोपर्यंत तोंड मिटून बसायचं, मलाही हा नियम लागू.

काहींनी विचारलं, पाहुणा नसेल त्या महिन्यात काय? तेव्हाही करण्यासारखं पुष्कळ आहे. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक आपल्या डोक्यावरून जातं, सुमारे चारशे किलोमीटर उंचीवरून, दीड तासात पृथ्वीची एक फेरी. संध्याकाळी अंधार पडताना दिसलं तर न लुकलुकणारा ठळक ठिपका चार-पाच मिनिटं चालत जातो. वेळा आधी कळतात. आणि मे महिन्यात २१-२२ तारखेच्या आसपास आपल्या यवतमाळात दुपारी साधारण सव्वाबाराला सूर्य बरोबर डोक्यावर येतो, उभ्या काठीची सावली पडत नाही. असा दिवस जुलैच्या २०-२१ तारखेलाही येतो, पण तेव्हा बहुधा ढग असतात. मे महिन्यातला तो दिवस आपल्या पोरांनी गच्चीवर काठी रोवून बघावा. टोपी घालून. आपल्या उन्हाची ख्याती मी सांगायला नको.

खर्चाचं म्हणाल तर मी आकडे मांडले आहेत, वर्षाला चार कार्यक्रम, दर घरामागे महिन्याला चहाच्या दोन कपांइतके. दुर्बीण आत्ता लगेच घेऊ नये, असं माझं मत आहे. आधी माणसं जमू देत, नाहीतर ती दुर्बीणही जिन्याखालच्या कॅरमबोर्डाच्या शेजारी जाऊन बसेल. गच्चीवरचा मोठा दिवा त्या दोन तासांपुरता बंद ठेवायला मात्र सर्वसाधारण सभेची मंजुरी लागेल, असं सचिव म्हणतात. लागू दे. पंचवीस वर्षांत आपण दिवे लावायचेच ठराव केले, एक बंद करायचाही होऊन जाऊ दे.

प्रश्नांसाठी मी एक पेटी तयार करून तळमजल्यावर मीटरच्या बाजूला लावली आहे. नाव लिहिलं नाही तरी चालेल. काल उघडली तेव्हा सहा चिठ्ठ्या निघाल्या. दोन लहान अक्षरातल्या: 'रॉकेटमध्ये सू लागली तर काय करतात?' आणि 'चंद्रयान ३ तिथे अजून एकटंच आहे का?' एक कोणा ताईंची, 'ग्रहणात गरोदर बाईनं काय करावं, हे शास्त्रज्ञानं आमच्या सासूबाईंसमोर सांगावं.' एक माझ्याच वयाच्या कोणाची असावी, अक्षरावरून ओळखलं पण सांगत नाही: 'वर एवढा कचरा फिरतो, तो कोणी साफ करायचा?' पाचवीत विचारलं आहे की, घाटंजीकडच्या आमच्या शेताचा निसारनं काढलेला फोटो मिळेल का. या पाच मी पहिल्या पाहुण्यांना आधीच पाठवणार आहे, म्हणजे ते तयारीनं येतील. सहावी होती, 'गच्चीवरचं पाणी तिसऱ्या मजल्यावर गळतं ते कधी थांबणार?' ती सचिवांकडे दिली आहे.